स्टॅम्प पेपर बाजूला ठेवला आणि आधी मजुरीची वही मागितली: नारायण पेठेतलं लेबर लॉ कन्सल्टंटचं ऑफिस

रिव्ह्यू मोठा होणार आहे, आधीच सांगते. दुकानातली माणसं आपले कर्मचारी की स्वतंत्र कंत्राटदार, हे समजून घ्यायला मी या ऑफिसात गेले, आणि त्याबद्दल आपल्याकडे कुणी नीट बोलतच नाही, आणि माझ्यासारखं छोटं दुकान चालवणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं असं मला मनापासून वाटतं. घाईत असाल तर एवढंच, पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते खाली लिहिलंय.

आमचं सदाशिव पेठेत ब्लाऊज आणि ड्रेस शिवायचं दुकान आहे, मी आणि माझी जाऊ, दोघींची भागीदारी, सोळा वर्षं झाली. दुकानात चौदा माणसं. नऊ जण मशीनवर, त्यांना पीसवर पैसे, साध्या ब्लाऊजला १३०, अस्तराच्याला १८०, कटोरी किंवा प्रिन्सेस कट असेल तर आणखी थोडे. एक मावशी ओव्हरलॉक आणि पिकोला, एक मुलगी काज-बटण आणि इस्त्रीला, दोघी काउंटरला, आणि एक कटिंग मास्टर ज्यांच्या कात्रीवर सगळं दुकान चालतं. शिवाय पाच जणी कपडे घरी नेऊन हातशिलाई, हुक, फॉल करून आणून देतात. आणि आरी वर्क, म्हणजे आरीच्या सुईने करायचं भरतकाम, आम्ही बाहेर देतो, भवानी पेठेत एका कारागिराकडे. एवढं सगळं सविस्तर सांगतेय कारण पुढे यातल्या प्रत्येकाचं उत्तर वेगळं निघालं.

२०२२ मधे आम्ही एका सल्लागाराकडे गेलो होतो, नाव लिहीत नाही. त्यांनी सांगितलं की तुम्ही पीसवर पैसे देताय ना, मग हे तुमचे कर्मचारीच नाहीत, सगळे फ्रीलान्सर, आणि शंभराच्या स्टॅम्प पेपरवर चौदा ॲग्रीमेंट करून दिली, इंग्रजीत. त्यात लिहिलेलं की मी स्वतंत्र व्यावसायिक आहे, माझा दुकानाशी मालक-नोकर असा काही संबंध नाही, मला कुठलाही पीएफ (भविष्य निर्वाह निधी), ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा), ग्रॅच्युइटी (काम सोडताना मिळायची रक्कम) लागू नाही. सगळ्यांनी सह्या केल्या. मावशींनी विचारलं होतं, ताई यात काय लिहिलंय, आणि मी म्हणाले काही नाही, नुसती फॉर्मॅलिटी. ते वाक्य मला आजही टोचतं, कारण मी सुद्धा ते पान नीट वाचलेलं नव्हतं.

मग २०२५ चा सप्टेंबर, नवरात्राच्या आधीचे दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही आणि मावशींचं गर्भाशयाच्या पिशवीचं ऑपरेशन निघालं. खासगी हॉस्पिटलचं बिल ९२ हजार. मी ॲडव्हान्स दिला, जावेनेही थोडे घातले, बाकीचे त्यांनी मंगळसूत्र ठेवून आणले. दिवाळीनंतर कामावर आल्या तेव्हा ओव्हरलॉकवर बसल्या बसल्या अगदी सहज म्हणाल्या, माझ्या भावजयीचं हेच ऑपरेशन ईएसआयमधे झालं, एक रुपया नाही लागला, ती हिंजवडीला कंपनीत हाउसकीपिंगला आहे, आपलं नसतं का हो ताई ते कार्ड?

अकरा वर्षं ही बाई सकाळी दहाला माझ्या दुकानाचं शटर वर करते. मला उत्तर देता आलं नाही.

माझ्या नणंदेच्या ओळखीतून या ऑफिसचा नंबर मिळाला. ऑफिस जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे, लाकडी जिना, लिफ्ट नाही, गाडी लावायला जागा शोधत दोन चकरा माराव्या लागतात, मी सरळ रिक्षाने जाते. आत एक मॅडम आणि त्यांचे वडील, सरांनी खूप वर्षं भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांची कामं केलेली, आता बहुतेक मॅडमच बघतात. मी ॲग्रीमेंटची फाइल पुढे केली. मॅडमनी वरचं एक पान वाचलं, फाइल बंद करून बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, हे नंतर, तुमची मजुरीची वही आणलीय का? ज्यात कुणी किती पीस शिवले ते लिहिता ती?

वही मी नेली नव्हती. त्या म्हणाल्या मग मीच दुकानात येते, आधी बघते, मग बोलू. पहिल्या भेटीची फी २५००, दुकानात येऊन बघणं आणि लेखी रिपोर्ट मिळून ९०००, हे त्यांनी तिथंच कागदावर लिहून दिलं.

आणि त्या खरंच आल्या. अकराला आल्या, इस्त्रीच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसल्या, अडीचपर्यंत हलल्या नाहीत. चहा घेतला तेवढाच. कुणाला उठवून प्रश्नोत्तरं नाहीत, सगळे आपापलं काम करतायत आणि त्या बघतायत, मधेच एखादा प्रश्न. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या पैठणीच्या ब्लाऊजची बाही मुंढ्याला चुणत होती, मी नेहमीसारखी मशीनवरच्या मुलीला दिली आणि म्हटलं, हे उसव आणि परत लाव, संध्याकाळी न्यायला येणारेत. मॅडमनी विचारलं, या उसवण्याचे वेगळे पैसे देता? मी म्हटलं नाही, चुकलंय तर परत शिवायलाच लागतं. त्या म्हणाल्या, आणि ती नाही म्हणाली तर? मी म्हटलं, नाही कशाला म्हणेल. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग विचारलं, मशीन कुणाचं? दुकानाचं. दोरा, सुया, कॅनव्हास, अस्तर? दुकानाचं. दर कोण ठरवतं? मी. आज एखादी आली नाही तर ती तिच्या जागी बहिणीला पाठवू शकते का? म्हटलं छे, मी कशी चालवून घेईन, हात बघितल्याशिवाय. तेही लिहिलं.

तीन दिवसांनी रिपोर्ट आला, सात पानं, मराठीत. हे मुद्दाम सांगते, मराठीत. आणि सोबत सुप्रीम कोर्टाच्या एका निकालाची प्रिंट, १९७३ चा, सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसचा. मी तो दोन रात्री बसून वाचला, इंग्रजी जड होतं, मुलीने मदत केली, आणि वाचताना अंगावर काटा आला कारण ते आमचंच दुकान होतं. आंध्र प्रदेशातली शिंप्यांची दुकानं, पीसवर मजुरी, काम असेल तर यायचं, झालं की जायचं, काही जण कापड घरी नेऊन शिवणार, मशीन मालकाचं, आणि शिवलेलं पसंत नाही पडलं तर मालक परत शिवायला लावणार. मालकांचं म्हणणं हेच की हे आमचे नोकर नाहीत. न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी निकाल दिला की नोकरच आहेत. माल नापसंत करून परत शिवून घ्यायचा अधिकार म्हणजेच कामावरचा ताबा, आणि मशीन मालकाचं असणं हीसुद्धा महत्त्वाची बाब. आमच्या आधीच्या सल्लागारांचा एक मुद्दा होता की आमच्यातल्या दोघी संध्याकाळी घरी शेजारणींचे ब्लाऊज शिवतात म्हणून त्या स्वतंत्र, त्यालाही त्या निकालात उत्तर आहे, एक माणूस एकापेक्षा जास्त मालकांकडे नोकर असू शकतो. माझा जन्म व्हायच्या आधी लागलेला निकाल, आमच्याच धंद्यातला, आणि आम्हाला कुणी सांगितलाच नाही!

मॅडमनी हे समजावताना एक गोष्ट फार नीट सांगितली ती माझ्या भाषेत लिहिते. कायदा विचारतो की हा माणूस तुमचं काम करतो, की तुमच्याकडे काम करतो. कागदावर त्याला काय म्हटलंय ते कोर्ट बघतं पण तेवढ्यावर थांबत नाही, आणि कुठली एकच कसोटी लावून निकाल लागत नाही, ताबा कुणाचा, सामान कुणाचं, नफा-तोटा कुणाचा, तो धंद्याचा भाग आहे का, दुसरा माणूस पाठवू शकतो का, असं सगळं एकत्र तोलतात. म्हणून पीसवर पैसे की महिन्याला पैसे हा प्रश्न खूप मागे राहतो. पीस रेट ही पैसे मोजायची पद्धत आहे, नातं नव्हे.

आरीवाले कारागीर मात्र खरे कंत्राटदार निघाले आणि त्यांच्या बाबतीत काहीही बदलायचं नाही असं रिपोर्टमधे स्वच्छ लिहिलंय. त्यांचा स्वतःचा कारखाना, कापड ताणून बसवायचे स्वतःचे अड्डे, चार पोरं हाताखाली, सहा-सात बुटीकचं काम घेतात, दर ते सांगतात आणि मी घासाघीस करते, लग्नसराईत सरळ म्हणतात वहिनी या महिन्यात जमणार नाही, आणि एकदा टिकली लावताना टिश्यूचं कापड फाटलं तर नवीन कापडाचे पैसे त्यांनी स्वतःच्या खिशातून दिले. ते बिल देतात, आम्ही ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलं की १ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा टॅक्स) कापतो. मला हे आवडलं की मॅडमनी सगळ्यांना सरसकट कर्मचारी करून टाकलं नाही. त्यांनी २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या एका निकालाचं उदाहरण दिलं, डोळ्यांच्या एका सर्जनचं, हॉस्पिटलच्या मिनीबसमधून जाताना अपघातात गेले ते, आणि तिथं करारातल्या अटी बघून कोर्टाने ठरवलं की ते नोकर नव्हते, स्वतंत्र सेवा देणारे होते, आणि त्यामुळेच विमा कंपनीला पूर्ण भरपाई द्यावी लागली. म्हणजे उत्तर दोन्ही बाजूंनी येऊ शकतं, बघावं लागतं.

सगळ्यात वाईट मला मास्टरांचं वाटलं. त्यांना महिन्याला २८ हजार ठरलेले, सकाळी दहा ते रात्री आठ, रविवार सुट्टी, आणि आधीच्या सल्लागारांनी ते प्रोफेशनल फी दाखवून आयकर कायद्याच्या १९४जे कलमाखाली दरमहा १० टक्के टीडीएस कापायला लावला होता. म्हणजे २८०० रुपये दर महिन्याला, वर्षाचे ३३,६०० त्यांच्या हातात येतच नव्हते. वर्षाचं उत्पन्न ३ लाख ३६ हजार, त्यावर टॅक्स बसतच नाही, तरी रिटर्न भरायचं आणि रिफंडची वाट बघायची, आणि रिटर्न भरून द्यायचे पैसे वेगळे. मॅडमनी विचारलं, १९४जे मधे वकील, डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट, अकाउंटंट, इंटिरिअर डेकोरेटर असे येतात, त्यात कटिंग मास्टर कुठे बसतो ते मला दाखवा. कुठेच बसत नाही. आता त्यांना पगार म्हणून जातो, टीडीएस शून्य, प्रोफेशनल टॅक्सचे २०० कापले जातात आणि फेब्रुवारीत ३००. मास्टरांनी पहिली सॅलरी स्लिप हातात घेतली, चष्मा पुसला आणि परत वाचली, मग घडी घालून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली. त्यांच्या मुलाच्या शिक्षणाच्या कर्जासाठी बँकेने तीन महिन्यांच्या स्लिपा मागितल्या होत्या आणि दोन वर्षं ते मला सांगायला लाजत होते.

घरी काम नेणाऱ्या पाच जणींचा भाग किचकट आहे. मला वाटत होतं घरी बसून करतात म्हणजे त्यांचा प्रश्नच नाही. मॅडमनी विड्यांची केस सांगितली, पी. एम. पटेल अँड सन्स, १९८५, त्यात घरी विड्या वळणाऱ्या कामगारांनाही सुप्रीम कोर्टाने पीएफसाठी कर्मचारी धरलं, कारण विडी घ्यायची की नाकारायची हा ताबा शेवटी मालकाकडेच. माझं माहेर सोलापूरचं, गल्लीत घरोघरी सुपात पानं घेऊन विड्या वळणाऱ्या बायका बघत मी मोठी झाले, त्यामुळे हे मला लगेच पोचलं. तर पाचातल्या तिघी फक्त आमचंच काम करतात, आम्ही दिलेल्या दरात, आम्ही दिलेल्या दोऱ्याने, त्या कर्मचारी धराव्यात असं रिपोर्टमधे आहे. दोघी लक्ष्मी रोडच्या चार दुकानांचं घेतात, दर स्वतः सांगतात, एकीने तर फॉल-पिकोचं स्वतःचं मशीन घेऊन बाहेर बोर्ड लावलाय. त्यांना मॅडमनी वेगळं ठेवलं, पण लिहून ठेवलंय की हा भाग वादाचा होऊ शकतो आणि दर वर्षी परत बघा. असं स्पष्ट लिहिणारा सल्लागार मला पहिल्यांदा भेटला.

आता आकडे, कारण दुकानदाराला शेवटी आकडेच विचारायचे असतात.

ईएसआय दहा माणसांना लागू, २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांना. मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५. मावशींचा पगार १४,०००, त्यावर आमचे ४५५ आणि त्यांचे १०५. बस एवढंच. मास्टर २१ हजारांच्या वर म्हणून त्यात बसत नाहीत, ते वाईट वाटलं. बाकी सगळ्यांचं मिळून दुकानाचं महिन्याला सहा हजारांच्या आसपास जातं, आम्ही महिन्याला साधारण सातशे पीस काढतो, म्हणजे एका पीसमागे साडेआठ-नऊ रुपये. नऊ रुपये! एका अस्तराच्या ब्लाऊजला आम्ही लावलेल्या बटणांचे यापेक्षा जास्त होतात. आम्ही फेब्रुवारीपासून शिलाईत दहा रुपये वाढवले, एकाही गिऱ्हाइकाने विचारलं नाही. आणि त्या बदल्यात कामगाराला आणि घरच्यांना उपचार, आजारपणात ठरलेल्या अटींवर वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी, बाळंतपणाला २६ आठवडे. मशीनवरच्या मुलींपैकी दोघींची लग्नं नुकतीच झालीत.

ग्रॅच्युइटीचं मात्र पोटात गोळा आणणारं होतं. दहा माणसं असतील तर लागू, वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरायचा. मॅडमनी कॅल्क्युलेटर माझ्याच हातात दिला. मावशींचे १४,००० गुणिले १५ गुणिले ११ भागिले २६, ८८,८४६ रुपये. उद्या त्यांनी काम सोडलं तर देणं लागतं, आणि स्टॅम्प पेपरवर त्यांनी नको म्हणून सही केली असली तरी लागतं, कायद्याने दिलेला हक्क असा सही करून सोडता येत नाही. मी तो आकडा आणि हॉस्पिटलचं ९२ हजारांचं बिल एकाखाली एक लिहून बघितलं. आता आम्ही दर महिन्याला वेगळ्या खात्यात बाजूला काढतो, मागचं भरून काढायला दोन वर्षं तरी लागतील.

पीएफ वीस माणसांना. दुकानातले चौदा आणि घरच्या पाचही जणी धरल्या तर एकोणीस होतात, आणि घरच्या तिघीच धरल्या तर सतरा. पण नवरात्र-दिवाळीला आणि लग्नसराईला आम्ही तीन-चार जण जास्तीचे घेतो. मॅडमचं म्हणणं, एखाद्या अडीनडीला चार दिवस माणूस घेतला तर ती गोष्ट वेगळी, पण दर वर्षी ठरलेल्या सीझनला येणारी माणसं ही तुमच्या धंद्याचा नेहमीचा भाग आहेत, ती मोजली जातील असं धरूनच चाला. आणि पीएफ एकदा लागू झाला की पुढे माणसं कमी झाली तरी तो सुटत नाही. म्हणून त्यांनी सुचवलं की आपणहून स्वीकारा. यावर दुकानात दोन संध्याकाळी चर्चा झाली आणि ती सोपी नव्हती. १२ टक्के कामगाराचेही जातात, १४ हजारांवर १,६८०, आणि ज्यांचं घरभाडं पाच हजार आहे त्यांना ते जड आहे. लातूरहून आलेला एक मुलगा म्हणाला ताई मला आत्ता हातात पाहिजेत, म्हातारपणाचं तेव्हा बघू. त्याचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. मॅडम स्वतः येऊन बसल्या, आमच्या बाजूनेही तेवढेच जमा होतात आणि त्यातून पेन्शनचा भाग जातो हे वहीवर काढून दाखवलं, आणि हेही सांगितलं की ईएसआयमधे कुणाला पाहिजे-नको हा पर्याय नाही, पीएफमधे वीस होईपर्यंत बहुसंख्य कामगारांच्या संमतीने होतं. अजून सगळ्यांचं एकमत नाही. आमचा वाटा आम्ही जूनपासून भरायची तयारी ठेवलीय.

वेळेचंही नशीब म्हणायचं. आम्ही नोव्हेंबरमधे यांच्याकडे गेलो आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला चार लेबर कोड, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाले. त्याच आठवड्यात आधीच्या सल्लागारांचा फोन, आता नवीन कायद्यात गिग वर्कर आलाय, सगळ्यांना गिग दाखवून टाका. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, कोडमधे गिग कामगाराची व्याख्याच अशी आहे की तो पारंपरिक मालक-कामगार नात्याच्या बाहेर काम करतो, त्यांच्यासाठी ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के सामाजिक सुरक्षेसाठी द्यायचेत, तुमच्या मावशी रोज दहाला येऊन शटर उघडतात त्या कुठल्या ॲपवर आहेत? उलट नव्या कायद्यात नेमणुकीचं पत्र द्यायला सांगितलंय, ते आधी द्या. तेव्हा ईएसआयसीची स्प्री नावाची योजना चालू होती, १ जुलै ते ३१ डिसेंबर २०२५ अशी जाहीर झालेली, त्यात जे मालक आपणहून नोंदणी करतील त्यांच्याकडे मागच्या काळाची रेकॉर्डं आणि थकबाकी मागायची नाही असं होतं. मॅडमनी दिवाळीनंतरची सगळी कामं बाजूला ठेवून आमची नोंदणी डिसेंबरात त्याच योजनेत बसवली. ही एक गोष्ट जरी धरली तरी त्यांची सगळी फी वसूल झाली.

माझे वडील काही वर्षं मार्केट यार्डात एका अडत्याकडे दिवाणजी होते. तिथल्या हमालांना कुणी एक मालक नाही, आज या गाळ्यावर तर उद्या त्या, तरी १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळ झालं, गाळेवाल्याकडून मजुरी आणि वरची लेव्ही मंडळात जमा होते आणि हमालाला पगार, पीएफ सगळं तिथून मिळतं. बाबा आढाव आणि हमाल पंचायतीचं नाव आमच्या घरात आदराने घेतलं जायचं. म्हणजे पाठीवर पोतं वाहणाऱ्या, रोज वेगळ्या मालकाकडे जाणाऱ्या माणसाला या पुण्यात इतकी वर्षं ते मिळतंय, आणि अकरा वर्षं एकाच मशीनवर बसलेल्या बाईला मी एका स्टॅम्प पेपरवर नाही म्हटलं होतं. वडील असते तर मला काय बोलले असते मला माहितीये.

आता अर्धा स्टार. महिन्याच्या दहा ते पंधरा तारखेला यांचा फोन लागत नाही, पंधरा ही ईएसआय-पीएफच्या चलनाची शेवटची तारीख असते हे मान्य, पण एक मेसेज तरी करावा. दुपारी दीड ते साडेतीन बंद. आणि ईएसआयच्या नोंदणीत त्यांच्या ऑफिसातल्या मुलाने आमच्या एका मुलीचं नाव लग्नानंतरचं टाकलं, आधारवर माहेरचं होतं, ते दुरुस्त व्हायला तीन आठवडे गेले, त्या दिवसांत ती तापाने आजारी होती आणि कार्ड नव्हतं, औषधांचे पैसे आम्ही दिले. मॅडमनी स्वतः फोन करून माफी मागितली आणि त्या महिन्याची २२०० ची फी घेतली नाही, तरी ती धावपळ आमची झाली ती झालीच. नावं तुम्ही स्वतः आधारशी ताडून बघा, त्यांच्यावर सोडू नका.

मावशींचं कार्ड आलंय. परवा बिबवेवाडीच्या ईएसआय हॉस्पिटलमधे नवऱ्याच्या गुडघ्यासाठी जाऊन आल्या, पूर्ण दिवस गेला, गर्दी खूप होती म्हणाल्या, पण औषधं मिळाली आणि एक्स-रे झाला. दुसऱ्या दिवशी त्या दिवसाचा पगार कापू का असं मी विचारलं नाही, त्यांनीच विचारलं, आणि मी नेमणुकीच्या पत्रातलं रजेचं कलम काढून दाखवलं. यावेळी दोघींनी मिळून वाचलं.

तुम्ही जाणार असाल तर आधी फोन करून वेळ घ्या, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जा. सोबत मजुरीची वही, हजेरी असेल तर ती, मशीनची बिलं, आणि गेल्या वर्षभरात सीझनला कोण कोण येऊन गेलं त्याची यादी न्या. ॲग्रीमेंटची फाइल पण न्या, ती ते शेवटी बघतात.